आईचा छीतर पॅलेस

आईचे वडील, म्हणजे आमचे अण्णा, एअरफोर्समध्ये इंजिन फिटर होते. दर दोन-तीन वर्षांनी बदली ठरलेली. त्यातल्या बहुतेक गावांबद्दल आई एका वाक्यात बोलते, पण जोधपूर निघालं की तासभर थांबत नाही. १९६३ ते १९६५, तिचं वय सात ते नऊ. रातानाड्याच्या बाजूचे क्वार्टर्स, अंगणात खाटा टाकून झोपणं, हार्वर्ड विमानांची घरघर, वाळूची वादळं आणि टेकडीवरचा तो राजवाडा.

राजवाड्यापर्यंत सगळे नीट ऐकायचे. मग आई सांगायची की आपण आत गेलो होतो, दूधवाल्याने मागच्या बाजूने नेलं होतं, आणि राजवाड्याच्या पोटात, जमिनीखाली, पोहायचा तलाव होता. त्याला राशींची चित्रं होती. इथे बाबा चष्मा काढून पुसायला घ्यायचे. "आणि मगर?" हे वाक्य आमच्याकडे म्हणीसारखं झालं होतं. कोणी काही फुगवून सांगितलं की, "आणि मगर?"

गंमत म्हणजे या गोष्टीचा एकमेव साक्षीदार, आईचा मोठा भाऊ, आमचा साताऱ्याचा मामा, यावर कधीच काही बोलला नाही. नुसता हसायचा.

यंदा जानेवारीत मी आईला घेऊन गेले. दोघीच.

दिवस पहिला : गाडीत

बांद्रा टर्मिनसवरून दुपारची सूर्यनगरी एक्सप्रेस. डोंबिवलीहून बांद्रा टर्मिनस गाठणं हाच एक वेगळा प्रवास आहे, त्यावर इथे लिहीत नाही. आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मुरांबा घेतला होता; एका रात्रीसाठी तिघांना पुरेल एवढा. सुरतेपर्यंत तिने समोरच्या बर्थवरच्या, राजस्थानातल्या पालीच्या बाईंशी ओळख काढली आणि अहमदाबादेपर्यंत मारवाडी शब्द एकेक करून वर यायला लागले. "कठै जावो?" म्हणाली आणि स्वतःच हसली. साठ वर्षं हे शब्द तिने कुठे ठेवले होते कोण जाणे. दूधवाला तिला 'बाईसा' म्हणायचा, हे मात्र नव्याने कळलं.

अबू रोड अपरात्री आलं. मी झोपले होते. सकाळी पाहते तर खिडकीच्या कडेला रबडीचं रिकामं कुल्हड. आईला डायबेटिस आहे. यावर दोघींनीही काही बोलायचं नाही असं ठरल्यासारखं झालं.

दिवस दुसरा : क्वार्टर्स आणि किल्ला

जोधपूरला उतरलो तेव्हा अजून उजाडायचं होतं. थंडी अशी की रिक्षावाला ब्लँकेट पांघरून हँडल धरून बसला होता. रातानाड्यात एका घरगुती हॉटेलात खोली घेतली होती. आईने रिक्षावाल्याला विचारलं, "छीतर पॅलेस इथून किती लांब?" त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. आता सगळे उमेद भवन म्हणतात. छीतर हे टेकडीचं नाव. त्या टेकडीवर उभा म्हणून छीतर पॅलेस, आणि हे नाव जुनी माणसंच घेतात. त्याने भाडं वीस रुपयांनी कमी केलं. का, ते विचारलं नाही.

एअरफोर्स स्टेशनमध्ये अर्थातच जाता येत नाही. बाहेरच्या रस्त्याने हळू चाललो. आईला एकही खूण सापडली नाही. भिंती उंच झाल्यात, झाडं वाढलीत, रस्ता रुंद झालाय. ती थोडी खट्टू झाली. मग अचानक डोक्यावरून एक लढाऊ विमान गेलं, छाती हलवणारा आवाज करून, आणि तिने कानावर हात ठेवता ठेवता म्हटलं, "आमची बिचारी हार्वर्ड याच्यापुढे पिठाची गिरणी."

१९६५चं इथेच सांगून टाकते. सप्टेंबरमध्ये क्वार्टर्सपुढे चर खणले होते. खिडक्यांना काळे कागद. अण्णा दिवसेंदिवस घरी यायचे नाहीत. पाकिस्तानची बॉम्बर विमानं रात्री यायची, त्यांचं लक्ष्य हीच धावपट्टी. एकदा बॉम्ब जेलवर पडले आणि कैदी मेले. आईला आठवतं ते असं, की चरात उतरल्यावर आजी दोघा भावंडांच्या डोक्यावर पाट धरून बसायची. जेवायचा पाट. बॉम्बपासून बचाव म्हणून. आई हे सांगताना दर वेळी हसते आणि दर वेळी मध्येच थांबते.

दुपारी मेहरानगड. किल्ल्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी दोनच गोष्टी सांगते. आत शिरल्यावर राजाराम मेघवालच्या नावाची शिळा आहे. १४५९ साली राव जोधाने किल्ला बांधायला घेतला तेव्हा पायात जिवंत पुरलेला माणूस. दुसरी गोष्ट त्याच पायाची. या डोंगरावर चिडियानाथ नावाचा एक साधू राहत होता, त्याला उठवून जागा घेतली, आणि जाता जाता त्याने शाप दिला की तुझ्या राज्यात पाण्याचा दुष्काळ पडत राहील. मारवाडात पाऊस किती पडतो हे पाहता शाप द्यायला फार तपश्चर्या लागली नसावी.

गुडघ्यांमुळे आईला लिफ्टने वर नेलं. तटावरून खाली निळी घरं दिसतात, आणि समोर, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, धुरकट हवेत एक मोठा घुमट. आई तटाला टेकून उभी राहिली. "एवढाच?" म्हणाली. "मला वाटायचं तो आभाळाला लागतो."

खाली घंटाघराशी मिर्चीवडा खाल्ला. आपल्या भज्यासारखी मिरची नव्हे, बटाट्याचं सारण भरलेली बोटभर जाड मिरची, बेसनात बुडवून तळलेली. आईने अर्धा खाल्ला आणि उरलेला कागदात बांधून घेतला. तो तिने रात्री खाल्ला, मी झोपले आहे असं समजून.

दिवस तिसरा : उमेद भवन

सकाळी दहाच्या सुमारास पोचलो. राजवाड्याचे आज तीन भाग आहेत: एकात राजघराणं राहतं, दुसऱ्यात ताजचं हॉटेल आहे, तिसऱ्यात म्युझियम. तुमच्या-आमच्यासाठी म्युझियम. प्रियांका चोप्राचं लग्न २०१८च्या डिसेंबरात इथेच झालं, हे रिक्षावाल्याने न विचारता सांगितलं.

जवळ गेल्यावर मात्र तो आभाळाला लागतो. फिकट सोनेरी दगड, मधला घुमट १०५ फूट उंच, एकूण ३४७ खोल्या. आई भिंतीपाशी गेली आणि दोन दगडांच्या सांध्यावरून बोट फिरवायला लागली. मग नख घालून पाहिलं. नख जाईना. "दूधवाल्याने दाखवलं होतं. म्हणाला होता, बाईसा, यात चुना नाही." बरोबरच होतं त्याचं. सगळा राजवाडा चुना-सिमेंटचा थर न देता उभा केला आहे. एका दगडाला खाच, दुसऱ्याला कंगोरा, एकात एक अडकवलेले. हे दगड खाणीतून आणायला खास रेल्वेचा फाटा टाकला होता.

हा राजवाडा दुष्काळी काम आहे, हे मला आधी माहीत होतं. पण वाचणं वेगळं आणि त्या पायऱ्यांवर उभं राहून समजणं वेगळं. विसाच्या दशकात मारवाडात एकामागून एक वर्षं कोरडी गेली. (चिडियानाथ, दुसरं काय.) लोकांनी महाराजा उमेदसिंगांकडे काम मागितलं. १८ नोव्हेंबर १९२९ला पायाभरणी झाली आणि बांधकाम १९४३पर्यंत चाललं, दोन-तीन हजार माणसं कामावर. घाई करायचं कारणच नव्हतं. काम लवकर संपलं तर मजुरी संपणार. आराखडा हेन्री लँचेस्टर या इंग्रज वास्तुविशारदाचा.

मला माझी आजी आठवली, बाबांची आई. १९७२च्या दुष्काळात तिने खडी फोडली होती आणि सुकडी खाल्ली होती. तिच्या खडीचा रस्ता झाला, अजून आहे, खड्ड्यांसकट. इथल्या बायकांच्या टोपल्यांमधून ३४७ खोल्या उभ्या राहिल्या. धरण, विहिरी, तलाव का नाही बांधले, असं मनात आलंच. उमेदसिंगांनी जलाशयांचीही कामं केली हे खरं, पण राजाने दुष्काळात राजवाडा बांधला आणि लोकांनी त्याला दुवा दिला, या वाक्याशी माझं अजून नीट जमलेलं नाही. आईला तसं काही वाटलं नाही. ती म्हणाली, "चूल पेटली ना."

म्युझियममध्ये घड्याळं पाहण्यासारखी आहेत. पवनचक्कीची, दीपगृहाची, काय काय आकार. काचेची भांडी, चिनी मातीची भांडी, फोटो. फोटोंपुढे आम्ही सगळ्यात जास्त रेंगाळलो. एवढ्या खोल्या बांधल्या आणि त्यात राहण्याचं सुख या घराला किती मिळालं ते मोजून बघा. उमेदसिंग १९४३ नंतर जेमतेम चार वर्षं जगले. जून १९४७मध्ये गेले. विमानांचं भयंकर वेड असलेला माणूस. तिसाच्या दशकात युरोपातून पूर्वेकडे जाणारी विमानं जोधपूरला उतरायची ती त्यांच्याच धावपट्टीमुळे. अण्णांची नोकरी, आईचं बालपण, पासष्टचे बॉम्ब, सगळं त्या वेडाच्या मागून आलेलं.

मुलगा हनवंतसिंग गादीवर आला आणि संस्थान विलीन झालं. १९५२च्या पहिल्या निवडणुकीत त्याने मुख्यमंत्री जयनारायण व्यासांना हरवलं, पण ते बघायला तो उरला नाही. निकाल लागत असतानाच, २६ जानेवारीला, स्वतः चालवत असलेलं विमान कोसळलं. तिसरी बायको झुबेदा बरोबर होती, तीही गेली. मागे मुलगा गजसिंग, वय चार. तो पुढे शिकायला इंग्लंडला गेला, ईटन आणि ऑक्सफर्ड, आणि परतला १९७० साली. पुढच्याच वर्षी संस्थानिकांचे तनखे रद्द झाले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी राजवाड्याचा एक भाग हॉटेलसाठी दिला. जोधपुरात त्यांना आजही 'बापजी' म्हणतात.

म्हणजे आई इथे होती त्या वर्षांत राजा परदेशात, वयाने मामाहून थोडासाच मोठा, आणि इथे राजमाता कृष्णाकुमारी. तेवढ्या इमारतीत मूठभर माणसं. आई म्हणते तसं मागच्या दाराने कोणी दूधवाला दोन पोरं घेऊन शिरला असेल, तर ते अगदीच अशक्य वाटत नाही.

स्टेफान नोरब्लिनबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हा पोलंडचा चित्रकार. १९३९मध्ये युद्ध पेटल्यावर सिनेनटी असलेल्या बायकोसह देश सोडला आणि रुमानिया, तुर्कस्तान, इराक करत मुंबईला पोचला. इकडे राजवाड्यासाठी लंडनच्या मेपल कंपनीकडे सांगितलेलं फर्निचर जहाजातून येत होतं, ते जहाज १९४२मध्ये जर्मनांनी बुडवलं. मग हाच निर्वासित पुढे आला आणि त्याने आतली सजावट हाती घेतली. लाकूडकाम इथल्या सुतारांकडून करून घेतलं आणि भिंतींवर रामायण रंगवलं. त्याचे राम-सीता उंच, सडपातळ, फॅशनच्या मासिकातून उतरल्यासारखे. युद्धानंतर तो अमेरिकेला गेला, डोळे अधू झाले, आणि १९५२मध्ये त्याने आयुष्य संपवलं. पुढे पोलंडहून माणसं येऊन ही चित्रं दुरुस्त करून गेली. हनवंतसिंग आणि नोरब्लिन एकाच वर्षी गेले, हे मला खोलीवर आल्यावर लक्षात आलं.

आता तलाव.

शेवटच्या दालनाशी एक म्हातारे रखवालदार बसले होते, केशरी साफा, मिशा वर वळवलेल्या. आई सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "खम्मा घणी."

ते उठून उभे राहिले. "घणी खम्मा, हुकम."

पुढचं आईच्या हिंदीत. ती हिंदी एअरफोर्सची आहे, त्यात मराठी क्रियापदं येतात. "इधर जमीन के नीचे तलाव है क्या? पोहने का? राशी का चित्रवाला?"

माझी मान खाली. साठ वर्षांची मगर आता इथे, लोकांसमोर बाहेर येणार.

"है ना, हुकम," ते म्हणाले. "नीचे है. होटल की तरफ. बारह राशियाँ हैं."

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला आणि म्हणाली, "चल, पाय दुखले." हॉटेलच्या बाजूला राहणाऱ्या पाहुण्यांखेरीज असंच कोणाला सोडत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष पाहायचा प्रश्नच नव्हता. बाहेर जुन्या मोटारींच्या शेजारी कठड्यावर बसून मी फोनवर तलावाचे फोटो शोधून दाखवले. निळं पाणी, वर कमानी, आणि राशी. आईने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "तेव्हा पाणी नव्हतं," म्हणाली. "कोरडा होता. मी आत उतरले होते. विंचवावर उभी राहिले. वृश्चिक ना माझी."

तिथूनच मी बाबांना फोन लावला. ते ऐकून गप्प झाले आणि मग म्हणाले, "बरं. मगरीचं मी परत घेतो." पन्नास वर्षांच्या संसारात बाबांनी परत घेतलेली ही पहिली गोष्ट असावी.

मग आई म्हणाली, दादाला लाव. मामाने उचलला. स्पीकरवर.

"दादा, तलाव आहे. विचारून आले."

"आहेच की. मला माहितेय."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस? ही माणसं मला हसत होती."

"अण्णांनी तंबी दिली होती. राजाच्या घरात पोरं चोरून शिरली असं वर कळलं असतं तर नोकरीवर आलं असतं. ते असेपर्यंत तोंड उघडायची सोय नव्हती. नंतर राहून गेलं." मामा थोडा थांबला. "पण तू नव्हतीस."

"काय नव्हते?"

"तलावात. मी गेलो होतो दूधवाल्याबरोबर. तू कांजिण्या येऊन पडली होतीस. मी येऊन तुला सगळं सांगितलं. रोज रात्री सांगायला लागायचं, ऐकल्याशिवाय झोपायची नाहीस. तुझी रास कुठे आहे तेही मीच सांगितलं."

मी आईकडे पाहिलं. ती राजवाड्याकडे पाहत होती. उन्हं कलायला लागली होती आणि दगड मधासारखा झाला होता.

"कांजिण्या त्याला आल्या होत्या," ती फोनला म्हणाली, म्हणजे मामालाच, पण दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तसं. "तू कडुनिंबाच्या पाल्यावर निजला होतास, दादा. आई तुझ्यापाशी बसली होती, म्हणून तर मला एकटीला जाऊ दिलं."

"आणि पाणी होतं त्यात. मी पाय बुडवले होते."

"कोरडा होता."

मी स्पीकर बंद केला.

दिवस चौथा : मंडोर, थोडंसं

सकाळी मंडोरची बाग, जोधपूरच्या आधीची राजधानी. राजांच्या छत्र्या, म्हणजे समाध्या. देवळासारख्या उंच, काळपट लाल दगडाच्या. माकडं फार. आई एका बाकावर बसून राहिली, मी एकटीच फिरून आले. परतताना मावा कचोरी घेतली. ही पाकात बुडवतात. पुन्हा डायबेटिस, पुन्हा मौन.

दुपारभर ती कांजिण्यांचा हिशेब करत होती. कुठली परीक्षा, कुठला ऋतू, पाला कोणी आणला. एकदा म्हणाली, "दोघांना एकदम आल्या असतील." मग स्वतःच मान हलवली. "मग गेलं कोण?"

दिवस पाचवा : परत

संध्याकाळची गाडी. परवापासून पाहत होते, आईच्या पर्सच्या पुढच्या कप्प्यात म्युझियमच्या दुकानातून घेतलेलं एक चित्राचं कार्ड होतं. समोरून काढलेला राजवाडा, मागे भगभगीत निळं आभाळ. लूणी गेल्यावर तिने ते काढलं, माझं पेन मागितलं, गाडीच्या हलण्यात थांबून थांबून मामाचा साताऱ्याचा पत्ता घातला. मजकुराच्या जागेत बराच वेळ काही लिहिलं नाही. मग एक ओळ लिहिली आणि कार्ड माझ्याकडे दिलं, तिकीट लावून टाक म्हणून.

'ती. दादास, शि.सा.न.वि.वि. परत एकदा आत जाऊन आले.'

'परत एकदा'खाली दोन रेघा होत्या.